मासळी बाजारापासून डबक्यापर्यंत: मासे आणि उभयचरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागून बरीच वर्षं झाली. पहिला दणदणीत पाऊस पडला की बेडकांचे प्रश्न सुरू होतात आणि नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात गेल्या की माशांचे. विचारणारे फक्त विद्यार्थी नसतात. पालक असतात, सोसायटीतले काका असतात, पावसाळी भटकंतीला आलेली मंडळी असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही, पण पहिला प्रश्न सोडू नका. पुढचं बरंच काही त्याच्यावर उभं आहे.

मासा म्हणजे नेमकं काय?

बाजाराच्या भाषेत पाण्यातून जे टोपलीत येतं ते म्हावरं. त्यात कोलंबी, जवळा, माकूळ, तिसऱ्या सगळं आलं. यातल्या एकालाही पाठीचा कणा नाही, त्यामुळे प्राणिशास्त्राच्या हिशेबात यातलं काहीही मासा नाही. कोलंबी आणि जवळा झुरळ-विंचवांच्या गोतावळ्यातले, माकूळ आणि तिसऱ्या गोगलगाईच्या. देवमासा तर नावातच मासा घेऊन बसलाय, पण तो फुफ्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो.

मग उरतं काय? कवटी असलेला, आयुष्यभर पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेणारा आणि परांनी पोहणारा प्राणी. व्याख्या म्हणून हे चालेल. खरी गोम पुढे आहे. ‘मासा’ हा शब्द ‘भाजी’सारखा आहे. भेंडी हे फळ, पालक हे पान, बटाटा हे खोड, फ्लॉवर हा फुलोरा. स्वयंपाकघरात सगळ्या भाज्या, पण वनस्पतिशास्त्रात ‘भाजी’ नावाचं कुळ नाही. माशांचं तसंच. मुशी, पापलेट आणि तुम्ही अशा तिघांची वंशावळ मांडली तर सगळ्यात आधी फुटून वेगळी होते ती मुशीची शाखा, ४२ कोटी वर्षांहूनही आधी. पापलेटचा आणि आपला पूर्वज त्यानंतरही काही काळ एकच होता. म्हणजे पापलेट नात्याने मुशीला जितका जवळचा, त्याहून तुम्हाला जवळचा. ताटात तो वाढलेला असताना हे सांगितलं की वर्गातली मुलं क्षणभर गप्प होतात.

मग पुस्तकात ‘मत्स्य वर्ग’ का दिलेला असतो?

सोयीसाठी. परीक्षेत तसंच लिहा, गुण कापून घेऊ नका. पण समजून घेताना चार गट डोक्यात ठेवा.

पहिला गट जबडा नसलेल्यांचा. लॅम्प्री आणि हॅगफिश, पुस्तकातले ‘चक्रमुखी’. गोल तोंडाने चिकटतात किंवा खरवडून खातात. आपल्या किनाऱ्यावर ते बाजारात येत नाहीत, त्यामुळे चित्रातच पाहायचे. दुसरा गट कास्थिमत्स्यांचा: मुशी, पाकट आणि त्यांचे भाऊबंद, जेमतेम बारा-तेराशे जाती. तिसरा गट अस्थिमत्स्यांतला, परांमध्ये पंख्याच्या काड्यांसारखे काटे असणारा. जगातल्या ३५ हजारांहून जास्त माशांपैकी जवळजवळ सगळे यातच मोडतात: बोंबील, बांगडा, रोहू, घोडामासा, वाम, सगळे. चौथा गटही अस्थिमत्स्यांचाच, पण त्यांच्या परांच्या बुडाशी हाडं आणि स्नायू असलेला मांसल दांडा असतो. या गटातले मासे म्हणाल तर आज फक्त आठ जाती उरल्यात: सहा फुफ्फुसमासे आणि दोन सीलाकांथ. बेडूक, साप, चिमणी, गाय, माणूस ही सगळी या चौथ्या फांदीचीच पिलावळ. आठ जातींचा गरीब वाटणारा गट असा पाहिला की एकदम मोठा होतो.

बाजारात मुशी मिळते. तिच्यात बघण्यासारखं काय असतं?

खूप काही. मला विचाराल तर मुशी ही दोनशे रुपयांची प्रयोगशाळा आहे. आपल्याकडे बाजारात येणाऱ्या लहान मुशीत स्कोलिओडॉन हमखास असतो, तोच जो जुन्या महाविद्यालयांत फॉर्मॅलिनच्या बरणीत असायचा.

आधी पाठीवरून बोट फिरवा. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलट फिरवलं की पॉलिश पेपर. ते खवले माशाच्या नेहमीच्या खवल्यांसारखे नसतात. प्रत्येक खवला म्हणजे एक बारीकसा दातच, आत गर आणि वर इनॅमलसारखं आवरण. मग डोक्याच्या बाजूला पाहा. पापलेटच्या कल्ल्यांवर झाकण असतं, इथे पाच उघड्या फटी दिसतील. पोटाकडच्या परांपाशी बोटांएवढे दोन दांडे लोंबत असतील तर तो नर.

आता कोळणीला पोट फाडायला सांगा. सगळ्यात आधी बाहेर येतं ते पिवळट, तेलकट, अवाढव्य काळीज. मुशीच्या पोटात हवेचा फुगा नसतो, तरंगायला मदत होते ती या तेलाचीच. आतडं उभं चिरलंत तर आत गोल जिन्यासारखा पडदा दिसेल. आतडं आखूड, पण अन्नाला जिना उतरावा लागतो, म्हणून पचायला वेळ मिळतो. आणि मादी असेल, दिवस भरत आलेली असेल, तर पोटात दहा-बारा पिल्लं निघू शकतात, प्रत्येक नाळेने आईला जोडलेलं. स्कोलिओडॉनची अंडी जेमतेम मिलिमीटरभर, पिवळा बलक जवळपास नाहीच, त्यामुळे पोसायची जबाबदारी आईच्या शरीरावर. सस्तन प्राण्यांची मक्तेदारी समजली जाणारी वार या गटाने स्वतःच्या वाटेने तयार केली. असं पोट पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं तेव्हा मी मुशी न घेताच परत आलो होतो.

मुशी शिळी झाली की तिला मुतारीसारखा वास का येतो?

प्रश्न कुणी चारचौघांत विचारत नाही, पण बाजूला घेऊन बरेच जण विचारतात. समुद्राचं पाणी माशाच्या शरीरातल्या द्रवापेक्षा खूप खारट. त्यामुळे शरीरातलं पाणी सतत बाहेर खेचलं जातं. सुरमई-बांगड्यासारखे मासे यावर उपाय म्हणून समुद्राचं पाणी पितात आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. मुशी आणि पाकटाचा उपाय वेगळा. ते रक्तातच युरिया साठवून ठेवतात, म्हणजे आतला द्रव बाहेरच्या पाण्याच्या तोडीस तोड होतो आणि पाणी खेचलं जात नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. वास अमोनियाचा. म्हणून मुशी ताजीच घ्यावी, आणि चिंच-कोकम सढळ हाताने घालायची रीत का पडली असेल तेही लक्षात येईल.

हलवा हा काळा पापलेटच ना?

इंग्रजीत तसं म्हणतात, बाजारातही शेजारी शेजारी ठेवतात. नात्याने मात्र हलवा खऱ्या पापलेटच्या कुळातला नाही. शेपटीच्या देठाशी बोट लावून पाहा, हलव्याला तिथे टणक कंगोरा लागतो. ती खूण वेगळ्या कुळाची. पांढऱ्या पापलेटला पोटाखालची परांची जोडी नसतेच.

याच्या उलट उदाहरण सुरमई आणि बांगड्याचं. आकारात, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण कूळ एक. पाठीच्या आणि खालच्या परामागे शेपटीपर्यंत बारीक बारीक तुरे दिसतात ना, ती या घराण्याची सही. कुप्यालाही ती असते. बोंबलाचे जवळचे नातेवाईक कोण, तर चोर बोंबील. दोघांच्या जबड्यात आत वळलेले सुईसारखे दात असतात. बोंबलाचं अंग कितीही लिबलिबीत असलं तरी तोंड उघडून पाहिलंत तर तो शिकारी आहे याबद्दल शंका राहणार नाही.

आणि मांदेली साफ करताना पोटाखाली सोनेरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात, ती नक्षी नव्हे. ते प्रकाश देणारे अवयव आहेत.

घोळीचं भोत एवढं महाग का, आणि ते असतं काय?

भोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. पाण्यात वर-खाली न होता एका पातळीवर तरंगायला ती उपयोगी पडते. वाळवलेल्या भोताला पूर्व आशियात मोठी मागणी असते, म्हणून घोळ लागली की कोळीवाड्यात बातमी होते.

किमतीपेक्षा मला या पिशवीचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. डार्विनला वाटलं होतं की हवेची पिशवी आधी आली आणि तिचंच पुढे फुफ्फुस झालं. आज चित्र उलटं दिसतं. हाडांच्या माशांच्या पूर्वजाला फुफ्फुसं होती. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात वर येऊन हवा गिळायला ती कामी यायची. एका फांदीत त्यांचीच हवेची पिशवी झाली, आपल्या फांदीत ती फुफ्फुसं म्हणून राहिली. म्हणजे माशाने जमिनीवर येण्यासाठी फुफ्फुसं कमावली हे म्हणणं चुकीचं आहे. ती खिशात आधीपासून होती.

घोळ आणि ढोमा एकाच कुळातले. हे मासे पिशवीलगतच्या स्नायूंनी तिला ढोलासारखं थरथरवून आवाज काढतात. ढोम्याच्या डोक्यात पांढरे खडे सापडतात तेही फेकू नका. ते त्याच्या कानातले. तोल सांभाळायला आणि ऐकायला लागतात, आणि कापून पाहिले तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. त्यावरून माशाचं वय काढतात.

लेपीचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे?

जन्मतः तसे नसतात. अंड्यातून बाहेर पडलेलं लेपीचं पिल्लू चारचौघांसारखं सरळ पोहतं, डोळे दोन बाजूंना. काही आठवड्यांत कवटी पिळवटते, एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कुशीवर झोपतो तो कायमचा. खालची बाजू पांढरी राहते, वरची वाळूच्या रंगाची.

जिताड्याबद्दल ऐकलं ते खरं आहे का?

खरं आहे. रायगडच्या खारेपाटात पाहुण्यांना मानाने पाठवला जाणारा जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे मादी होतो. मोठ्या मादीच्या पोटात जास्त गाबोळी मावते, हा हिशेब त्यामागे असावा असं मानतात. तेव्हा पाच-सात किलोचा जिताडा ‘तो’ म्हणून घरी आणलात तरी बहुधा ‘ती’ असते.

जबडा कुठून आला?

सुरुवातीला कुणालाच नव्हता. चीनच्या युनान प्रांतात चेंगजियांग इथे सापडलेला हायकोइक्थिस सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीचा. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, डोकं आहे, कल्ले आहेत, पण जबडा नाही. पुढे हाडांचं चिलखत घातलेले पण तोंड मिटता न येणारे मासे कोट्यवधी वर्षं समुद्रात होते.

कल्ल्यांना आधार देणाऱ्या कमानी असतात. त्यातल्या अगदी पुढच्या कमानीचा वरचा-खालचा भाग बिजागरीसारखा दुमडायला लागला आणि जबडा झाला, असं साधारण मानलं जातं. तुमच्या-माझ्या गर्भातही त्याच जागी तशाच कमानी येतात आणि पहिलीपासून जबडा बनतो. तिच्या मागच्या कमानीतलं एक हाड माशांमध्ये जबड्याला टेकू देतं. बेडकात तेच हाड बारीक होऊन कानात शिरलं, आपल्यात रिकिबीच्या आकाराचं होऊन कानात बसलं. हे वाक्य तुम्हाला कुणी मोठ्याने वाचून दाखवत असेल, तर ते तुमच्यापर्यंत पोचतंय ते माशाच्या जबड्याच्या टेकूतून.

२०१३ साली चीनमधूनच एन्टेलोग्नाथस नावाच्या माशाचं वर्णन प्रसिद्ध झालं, सुमारे ४१ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा. अंगावर जुन्या चिलखती माशांचं कवच, पण जबड्याची हाडं आजच्या हाडांच्या माशांसारखी. चिलखती मासे म्हणजे वंशवृक्षाची सुकलेली फांदी, हा समज तिथे डळमळला.

मासे जमिनीवर कसे आणि का आले?

जुनी गोष्ट अशी सांगायचे: तळी आटली, मासे सरपटत दुसऱ्या तळ्याकडे निघाले, सरपटून सरपटून पाय फुटले. मीही ती फळ्यावर चित्र काढून शिकवली आहे. ती आता टिकत नाही.

कारण पाय आधी आले, चालणं नंतर. ग्रीनलंडमध्ये सापडलेला अकँथोस्टेगा सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला हात-पाय आहेत, पुढच्या पायाला बोटं आहेत आणि ती आठ आहेत! पण मनगट वजन पेलणारं नाही, आत कल्ले आहेत, शेपटीला पर आहे. हा प्राणी गाळात, पाणवनस्पतींच्या गुंत्यात वावरणारा. बोटं त्याला पाण्यातच उपयोगी पडत असणार. त्याच्याच प्रदेशातल्या इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात बोटं. पाचाचा आकडा नंतर ठरला. दशमान पद्धत ही त्यामुळे बरीचशी योगायोगाची गोष्ट.

त्याच्या थोडा आधीचा दुवा म्हणजे टिक्टालिक. नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेन्किन्स यांच्या पथकाला तो २००४ साली कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मिळाला, वर्णन २००६ मध्ये आलं. तो हाती लागला त्यात नशिबाचा भाग कमी होता. साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचे, उथळ नद्यांच्या गाळाचे, आजवर न तपासलेले खडक कुठे उघडे पडलेत हे नकाशावर शोधून ते तिथे गेले होते. टिक्टालिकला खवले आणि पर आहेत, पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वर, आणि मान आहे. माशाला मान नसते. त्याचं डोकं खांद्याच्या हाडांना जोडलेलं, वळायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. परातही आत एक हाड, मग दोन हाडं, मग मनगटासारखी छोटी हाडं. स्वतःचा हात चाचपून पाहा, क्रम तोच.

तरी सरळ रेषेत वंशावळ मांडण्याची घाई नको. पोलंडमध्ये झाखेल्मिए इथल्या खाणीत टिक्टालिकपेक्षा दीडेक कोटी वर्षं जुने, चार पायांच्या प्राण्यांचे मानले जाणारे ठसे सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, आणि त्यांच्यावर अजून वाद चालू आहे. टिक्टालिक आपला खापरपणजोबा नसेल, खापरपणजोबांचा उशिरापर्यंत टिकलेला चुलतभाऊ असेल. चुलतभावाच्या चेहऱ्यावरूनही घराण्याचं नाक-डोळे कळतातच.

‘का’ आले याला एक उत्तर नाही. किनाऱ्यावर झाडोरा आणि किडे आधीच पोचले होते, खायला होतं आणि खाणारं कुणी नव्हतं.

खाडीतल्या निवट्या चालतात, मग तेच आपले पूर्वज ना?

नाहीत. पण प्रश्न सुंदर आहे. ओहोटीला खाडीकाठी उभे राहा. चिखलावर बोटभर लांबीचे मासे पुढच्या परांवर रेटा देत टणाटण उड्या मारताना दिसतील, डोक्यावर बेडकासारखे डोळे. निवटी कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी साठवते, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेते. अंग कोरडं पडायला लागलं की चिखलात लोळते.

एवढं करूनही ती काड्यांचे पर असलेल्या तिसऱ्या गटातली, खरबी माशांची नातलग. तिच्या पूर्वजांनी जमिनीकडची वाट स्वतंत्रपणे आणि फार उशिरा धरली. मरळ आणि मागूर यांनीही हवा घेण्याची आपापली सोय डोक्यातल्या कप्प्यांत केली आहे, म्हणून मरळ विकणारा तिला घमेल्यात चार बोटं पाण्यात तासन् तास जिवंत ठेवू शकतो. पाण्याबाहेर डोकावण्याचा उद्योग माशांनी कितीतरी वेळा केला. त्यातला एकच आपल्या वाटेला आला.

सीलाकांथला ‘जिवंत जीवाश्म’ का म्हणतात?

कारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो संपला असं मानलं जात होतं. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात एका मासेमारी बोटीच्या ढिगात संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना एक निळसर, जाड परांचा मासा दिसला. तो ओळखला मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी, आणि नाव ठेवलं लॅटिमेरिया. दुसरा नमुना मिळायला १९५२ उजाडलं, कोमोरोस बेटांवर. १९९० च्या दशकात इंडोनेशियात दुसरी जात सापडली.

‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द मला आवडत नाही. तोही तेवढीच वर्षं बदलत आलाय. शिवाय २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा चारपायी प्राण्यांचा जास्त जवळचा नातेवाईक फुफ्फुसमासा ठरला.

बेडूक ‘उभयचर’ म्हणजे दोन्हीकडे राहणारा एवढंच ना?

मगरही दोन्हीकडे राहते, ती उभयचर नाही. फरक अंड्यात आहे. उभयचरांच्या अंड्याला कवच नसतं, आत गर्भाला पाण्यात तरंगत ठेवणारं आवरणही नसतं, म्हणून ते उघड्यावर वाळून जातं. दुसरी खूण कातडी: उघडी, ओलसर, ग्रंथींनी भरलेली.

आज यांच्या साडेआठ हजारांहून जास्त जाती आहेत आणि तीन घराणी: बेडूक, शेपटीवाले सॅलमँडर आणि बिनपायांचे देवगांडूळ. सॅलमँडर महाराष्ट्रात नाहीत, त्यासाठी दार्जिलिंगकडे जावं लागतं. तिन्हींचे पूर्वज कोण यावर एकमत नाही. टेक्सासमधला सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा गेरोबॅट्राकस बेडूक आणि सॅलमँडर यांच्या मधला वाटतो. मादागास्करमधल्या २५ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायाडोबॅट्राकसला अजून बारीकशी शेपटी होती.

सगळे बेडूक पाण्यात अंडी घालतात असंही नाही. आंबोलीत जूनमध्ये पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना साबणाच्या फेसासारखे गोळे लटकलेले दिसतात. ती मलबारी उडत्या बेडकाची घरटी. पिल्लं तयार झाली की खाली पाण्यात टपकतात. आणि झुडपांत टिक्-टिक् करणारे नखाएवढे बेडूक तर बेडूकमाशाची पायरीच गाळतात. त्यांच्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो.

बेडूक पाणी कसं पितो? श्वास कसा घेतो?

तोंडाने पीत नाही. पोटाखालच्या, मांड्यांजवळच्या पातळ कातडीतून पाणी शोषतो. ओल्या मातीवर पसरून बसलेला बेडूक आळसावलेला वाटतो, तो पाणी पीत असतो.

श्वासाचं तंत्रही न्यारं. त्याला छातीचा पिंजरा नाही, श्वासपटल नाही. गळा खाली करून नाकपुड्यांतून हवा तोंडात घेतो, नाकपुड्या मिटतो आणि घशाच्या पंपाने ती फुफ्फुसांत ढकलतो. गळा सतत धडधडताना दिसतो तो यामुळे. बाकीची भर कातडी घालते. गिळताना डोळे मिटतो ते चवीने नव्हे. डोळ्यांचे गोळे आत ओढले जाऊन घास घशाकडे ढकलतात. सांगाडा पाहायला मिळाला तर मणके मोजा, जेमतेम नऊ. त्यापुढे शेपटीचे मणके जुळून झालेला एक दांडा. पायात घोट्याची दोन हाडं लांबून उडीसाठी जास्तीचा सांधा झालाय. हृदयाला कप्पे तीन, माशाला दोन असतात.

हे सगळं आम्ही बेडूक कापून शिकलो. खिळे ठोकलेला मेणाचा ट्रे अजून आठवतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१४ मध्ये अशी विच्छेदनं थांबवायला सांगितली ते बरं झालं, त्या ट्रेमधून बेडकाबद्दल जेवढं कळलं त्याहून जास्त एका पावसाळी रात्री टॉर्च घेऊन कळतं.

समुद्रात बेडूक का नसतात?

कातडी पाणी शोषणारी, त्यामुळे खारट पाण्यात ती उलट पाणी गमावते. आग्नेय आशियातला खेकडे खाणारा बेडूक मात्र खारफुटीत राहतो. कसा? रक्तात युरिया साठवून. मुशीचीच युक्ती.

अंगणात गांडुळासारखा पण चकचकीत, जाड प्राणी निघाला. साप आहे का?

बहुधा देवगांडूळ. साप नाही, गांडूळ नाही, आणि ज्याची तस्करी होते ते मांडूळही नाही, तो साप. देवगांडूळ म्हणजे बेडकाचा बिनपायांचा भाऊ. त्याला जबडा आहे, दात आहेत, शंभरच्या वर मणके असू शकतात. डोळे कातडीखाली मिटत आलेले, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक इवलीशी मिशी, वास घेण्यासाठी. विषारी समजून लोक कुदळीने मारतात. मारू नका, ओल्या पालापाचोळ्यात सोडा.

आफ्रिकेतल्या एका जातीची आई पिल्लांना स्वतःची जाड झालेली कातडी खरवडून खाऊ देते. आपल्या सह्याद्रीतही त्यांच्या खास जाती आहेत: इंडोटिफ्लस बॅटर्सबीचा नमुना खंडाळ्याचा, गेगेनिओफिस डॅनिएली आंबोलीचा.

महाराष्ट्रात यांचे जीवाश्म सापडतात का?

सापडतात, आणि एक तर वरळीला. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात तिथे चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पुढे १९३० मध्ये त्याला इंडोबॅट्राकस हे नाव मिळालं. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा मुंबईकर! विदर्भात मांगलीजवळ मिळालेल्या ब्रॅकिऑप्स या चपट्या डोक्याच्या प्राचीन उभयचराचं वर्णनही ओवेन यांचंच, १८५५ चं. आणि सिरोंच्याकडच्या कोटा थरांत चकचकीत जाड खवल्यांचे ज्युरासिक मासे आहेत. वरळीच्या त्या टेकडीवर आज काय उभं आहे ते सांगायला नको.

माशांच्या शास्त्रीय नावात मराठी शब्द असतात हे खरं?

हो, आणि हा माझा लाडका विषय. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये छापलं, तेव्हा स्थानिक लोक जे नाव सांगत तेच अनेकदा लॅटिनच्या साच्यात बसवलं. म्हणून महासीरचं नाव टॉर खुद्री, शिंगटीचं मिस्टस शिंगटी, कोळशीचं कोलुस. ही नावं सांगणाऱ्या भोयांची, कोळ्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत, पण त्यांचा शब्द जगभरच्या संग्रहालयांत चिठ्ठीवर आहे. महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले मासे हे महासीरच.

अलीकडचं उदाहरण शिस्टुरा हिरण्यकेशीचं. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातला हा छोटा रंगीत मासा २०२० मध्ये नव्याने नोंदवला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

पावसाळ्यात पिवळेधमक मोठे बेडूक दिसतात. ते धरले तर चालतं का?

नाही. ते आपल्या नेहमीच्या मोठ्या बेडकाचे नर, विणीच्या काळात चार दिवस हळदीला बसल्यासारखे पिवळे होतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्येच बंद केली, वन्यजीव कायद्याने धरणं-विकणंही गुन्हा आहे. तरी गोव्यात-कोकणात ‘जंपिंग चिकन’ म्हणून चोरून ताटात येतातच. २०२३ च्या जागतिक आढाव्यात उभयचरांच्या जवळपास ४१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. अधिवास जाणं, वाढती उष्णता आणि कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी ही मोठी कारणं. २००९ मध्ये नाव मिळालेला आंबोलीचा भेक तर तिथल्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या सपाट पठारांवरच्या, उथळ पाण्यात वीण करतो. त्याच सड्यावर आपण गाडी लावून भजी खातो.

मुलाने बाटलीत ‘मासे’ आणलेत, काळे, गोल डोक्याचे. काय करू?

बेडूकमासे आहेत ते. शेपटी आहे, कल्ले आहेत, दोन कप्प्यांचं हृदय आहे, म्हणजे मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाहीये. दोन-तीनच ठेवा, बाकीचे लगेच परत. बाटली नको, पसरट भांडं घ्या आणि पाणी त्याच डबक्यातलं. नळाच्या क्लोरीनने मरतात. उकडलेल्या पालकाचं पान थोडंसं टाका, उरलेलं संध्याकाळी काढा. आधी मागचे पाय दिसतील, मग पुढचे एकदम बाहेर येतील. त्या टप्प्यावर भांड्यात एक दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवायला विसरू नका, फुफ्फुसं कामाला लागलेली असतात आणि टेकायला जागा मिळाली नाही तर बुडून मरतात. शेपटी अर्धी झाली की जिथून आणले त्याच डबक्याच्या काठावर, संध्याकाळी, गवतात सोडा.